खिळ्यावरचा बिल्ला

"सगळे जरा जवळ या, आता आपण आत जातोय," सफर घडवणारा विनीत म्हणाला आणि गोदीचं गंजलेलं गेट करकरत उघडलं. रविवारची सकाळ, जुन्या बंदराची पायी सफर, वीस-बावीस हौशी माणसं. सगळ्यांच्या पायांत बूट. घोडपदेवच्या चाळीतली नलू तेवढी स्लिपर घालून आली होती.

एकेचाळीस वर्षांपूर्वी ती याच गेटाबाहेर तीन दिवस उभी होती. तिचा नवरा दगडू दुसऱ्या पाळीला आत गेला, तो घरी आलाच नाही. तेव्हा बायकांना आत सोडत नसत. चौथ्या दिवशी कारकून बाहेर आला. "पाळी संपवून गेला तो. घरी नाही आला, त्याला आम्ही काय करणार?" झालं! चाळीला तेवढं पुरलं. कुणी म्हणालं, लालबागची एक मसाला कांडणारी आहे. कुणी त्या दोघांना गोव्यात पाहिलंसुद्धा. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

नलूने चार घरच्या पोळ्या लाटून राजारामला वाढवलं. पोराने बापाचं नाव टाकलं आणि आईचं लावलं. नलूने कुंकू मात्र पुसलं नाही. प्रेम कसलं डोंबलाचं! जिवंत माणसाला शिव्या घालता येतात, म्हणून. रोज संध्याकाळी दिवा लावला की दोन ठेवणीतल्या हासडायची. मेल्याने आपल्याला का टाकलं, एवढंच तिला कळायला हवं होतं. आता या सफरीत कुणालाही आत सोडतात असं ऐकलं, म्हणून आली. तो जिथून निघून गेला ती जागा एकदा बघून घ्यावी.

"आपण उभे आहोत ना, इथे पाणी होतं," विनीत सांगत होता. "पार इथपर्यंत जहाजं लागायची. एकेचाळीस वर्षं झाली, चौऱ्याऐंशी साली भराव टाकून बुजवलं."

लोकांनी फोटो काढले. मग त्याने टाइम ऑफिसची खोली उघडली. भिंतीवर लाकडी फळा होता, त्यावर ओळीने खिळे.

"कामगार आत येताना आपला पितळी बिल्ला खिळ्याला लावायचा, बाहेर पडताना काढून न्यायचा. बिल्ला खिळ्यावर, म्हणजे माणूस आत. गोदी बंद झाली तेव्हा सगळे आपापला घेऊन गेले. हा एकच राहिलाय. कुणी विसरभोळा असणार."

माणसं हसली. नलू पुढे झाली, चष्मा लावून फळ्याला नाक टेकेस्तोवर वाकली. दोनशे अठरा. दर रविवारी चिंचेने घासून घासून त्यातल्या आठाचा काठ तिनेच झिजवला होता. दगडू डबा विसरायचा, बिल्ला कधी नाही. आणि तो कारकून याच फळ्यासमोरून उठून गेटावर आला होता.

ती बाहेर आली. भरावाच्या जमिनीवर पाऊल टाकण्याआधी तिने स्लिपर काढल्या. मग खालीच बसली आणि मातीवर हात ठेवला.

विनीत पाणी घेऊन धावला. "आजी, बरं वाटत नाही का? घरी कुणाला फोन करू?"

नलूने पदराने कपाळ पुसलं.

"माझ्या झिलाक कर, राजारामाक," ती म्हणाली. "आंघोळ करून घे म्हणान सांग. तुझो बापूस वारलो."