शिळं पान

"सगळा साठा उडव. आजच!" भगवानशेठ ओरडला. "मशीन रडतंय आणि गिऱ्हाईक मला शिव्या घालतंय."

सीतारामने कीबोर्ड पुढे ओढला. डोंबिवली पश्चिमेच्या शेठच्या त्या सायबर कॅफेत सहा कॉम्प्युटर आणि फोनलाइन एकच. आतल्या खोलीतला सर्व्हर एकदा आणलेल्या पानाची प्रत ठेवायचा. पुन्हा कुणी मागितलं की बाहेर न जाता तीच वाढायचा. आता प्रतींचा साठा इतका फुगलेला की नुसती त्याची यादीच मेमरी गिळत होती. बत्तीस एमबीत कोंबणार तरी किती?

नियम सरळ होता. बरेच दिवस ज्याला कुणी विचारलं नाही, ते आधी फेकायचं. टिटवाळ्याच्या खोलीत एकटा पडून असणाऱ्या सीतारामला तो नियम पुस्तकातून शिकावा लागला नाही.

अकरापर्यंत त्याने सगळं उडवलं. मशीन पळायला लागलं. एकच पान राहिलं, रोज बाराला मागितलं जाणारं. एका जहाज कंपनीच्या खलाशांची यादी. तीत धोंडीबाचं नाव.

धोंडीबाची आई दगडाबाई, मोठागावची कोळीण. टोपली रिकामी करून रोज यायची. वाचता येत नव्हतं. सीताराम नावावर बोट ठेवायचा. ती काचेला हात लावायची, "बरा हाय माजा पोरगा," म्हणायची आणि जाताना विचारायची, "जेवलास कं रं?" अख्ख्या दिवसात त्याला हे विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.

प्रतीवर तारीख होती फेब्रुवारीची. बाहेर ऑक्टोबर चाललेला. आणलेलं पान पुन्हा बाहेर विचारायचं नाही, हे सर्व्हरला सांगितलेलं त्यानेच. फोनलाइन मोकळी राहावी म्हणून.

त्याने यादी बाहेरून मागवली. सावकाश उतरली. धोंडीबा नव्हता. कंपनीचं पत्र नाही, फोन नाही. हरामखोरांनी जिता माणूस फळ्यावरच्या खडूसारखा पुसून टाकलेला. आणि आपण? आठ महिने एका आईला शिळं वाढत होतो.

बारा वाजले. दगडाबाई आली.

"मावशी," तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "हे पान शिळं आहे. ताजं आणू?"

तिने टोपली खाली ठेवली. जन्मात कुणाला शिळं म्हावरं न विकलेली बाई. खुर्चीत बसली. पदराने काच पुसली.

"ताजा मी कल्यानला बगितला रं, गनपतीच्या आधी. असल्याच दोन दुकानान वाचून घेतला. तिकरं त्याचा नाव नाय." तिने बोट पुढे केलं. "मना शिलाच दाव."