तिसऱ्या गोष्टीतली सून

"नवऱ्याला विष घालणारी नुसती वेडी होते, आणि जरा डोळा लागला म्हणून सासूला पाणी द्यायचं राहिलं, तर त्या सुनेला थेट विहिरीत ओढतात! हा कुठला न्याय गं?"

मुलुंडच्या तंबूत भुतांच्या चार गोष्टींचा पिक्चर पाहून आल्यापासून वनमाला धाकट्या जावेच्या कानाशी कुरकुरत होती. "आणि मेलेली म्हातारी पेला आपटेल कशी? काही ताळतंत्र?"

कुंदाने मान डोलावली, पण चहाच्या आधणावरची नजर उचलली नाही.

आतल्या रिकाम्या खोलीत फरशीवर पेला आपटला. सासूबाई पौषात तिथेच गेल्या होत्या.

वनमालाने बसल्या बसल्या स्टोव्हला पंप मारला. तो भरभरू लागला, तशी तीही मोठ्याने बोलू लागली. सासूबाई गेल्या त्या दुपारी तिचाही डोळा लागला होता. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण कोणी अवाक्षर काढलं नव्हतं.

पेला पुन्हा आपटला, मग आपटतच राहिला, घाईघाईने, तहानेने.

तिचा नवरा जयवंत दारात येऊन उभा राहिला.

"या खेपेला तरी ऊठ, वनमाला," तो म्हणाला. "आई पाणी मागतेय."