सहा पोत्यांचं एस्टिमेट

एशियन दुकानातला नारळ. फोडला तर आत पाण्याचा थेंब नाही.

शेजारच्या कुंपणावर वाळत टाकलेली हिरवी छत्री.

शिऱ्याचं पातेलं, त्यावर उपडं ताट.

"आजोबा, फेर्टिश? झालं?" "झालंच गं अवनी, झालंच."

कागदी पोत्यावर छापलेला आकडा. पंचवीस.

हा आकडा आधी उत्कर्षला दिसला. तोवर दोन पोती मिक्सरमध्ये रिकामी झाली होती. न्युरेम्बर्गच्या कडेला असलेल्या त्या एवढ्याशा परसात, फळ्यांच्या चौकटीत, स्लॅबचा एक कोपरा ओतूनही झाला होता. गार्टनहाउसला, म्हणजे अवजारं ठेवायच्या लाकडी खोलीला, खाली पक्की जमीन हवी. एस्टिमेट त्याच्या बाबांचं. देवदत्तराव जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. लांबी, रुंदी, जाडी ऐकली आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत म्हणाले, "सहा पोती. लिहून घे."

"बाबा, ही पंचवीस किलोची आहेत. आपल्याकडची पन्नासची असतात."

देवदत्तरावांनी फावडं टेकवलं. ओतलेल्या कोपऱ्याकडे पाहिलं. त्याचा रंग वाळूचाच होता. मग ते मनापासून हसले.

"हात्तिच्या! म्हणजे निम्मंच सिमेंट पडलं की रे. असू दे, भागतं."

"निम्म्यात कसं भागेल?"

"अरे, जन्मभर निम्म्यातच भागवलं. एस्टिमेट एक असतं, स्लॅब एक असतो."

निशिगंधा शिऱ्याच्या बश्या घेऊन दारात उभी होती. स्लॅबच्या दिवशी गोड झालंच पाहिजे, मग तो जमिनीवरचा का असेना, हा सासऱ्यांचा आग्रह. त्यांनी तसल्याच हातानं बशी घेतली, पायरीवर बसले आणि रंगात आले.

"कारंदेवाडीची शाळा घे. कागदावर पोती किती आणि आत पडली किती! साहेबांचा वाटा त्यातूनच, सभापतींचा त्यातूनच, आम्हा गरिबांची चटणी-भाकरीही त्यातूनच. छताचे गजसुद्धा एकाआड एक. आहे ना उभी अजून?"

"कारंदेवाडीची?" निशिगंधानं विचारलं. "आमच्या ईश्वरीची?"

"तीच की."

ईश्वरी तिची धाकटी बहीण. त्या शाळेत तिसरीचा वर्ग तिच्याकडे असतो. डब्यात छताचा पोपडा पडला, भाजीत मीठ कमी होतं ते भरून निघालं, असा तिचा मेसेज मागच्याच आठवड्यात आला होता. निशिगंधानं त्यावर हसरा चेहरा पाठवला होता.

सासऱ्यांनी तुपाची बोटं चाटली. आधी अंगठा, मग उरलेली, नखांतल्या राखाडी कडेसकट.

"बाबा, तुम्हाला हे माहीत होतं?"

"मला नाही तर कुणाला? बेदाणे सढळ हातानं घातलेस हं सूनबाई. वाढ अजून."

ती उत्कर्षकडे वळली. तो खिशात गाडीची किल्ली चाचपत होता.

"मी आणखी आठ आणतो, ही दोन तर वायाच गेली. आणि हे ओतलेलं आधी उपसून टाकू. असल्या स्लॅबला हिवाळ्यात तडे जाणार, ओल चढणार. गवत कापायचं मशीन गंजून जाईल."

"आणि तिकडे?"

"तिकडचं बघू गं. बाबा चार दिवसांसाठी आलेत. आत्ताच काढायला हवाय का हा विषय?"

"मशीन गंजेल," निशिगंधा म्हणाली. एवढंच म्हणाली आणि फोन लावला.

तिकडे मधली सुट्टी संपून वर्ग भरले होते. स्क्रीनवर ईश्वरी आली. तिच्यामागे पाढ्यांचा गलका.

"ताई, वर्गावर आहे. बोल पटकन."

"पोरांना बाहेर काढ."

"काय?"

"आधी बाहेर काढ, मग सांगते. ते छत धड नाहीये."

"ते कधी होतं धड!" ईश्वरी हसली. "बाहेर चिखल आहे गं नुसता. बसवू कुठे?"

"देवळात ने. कुणाच्या गोठ्यात ने. पण उठव त्यांना."

बहिणीचा आवाज ऐकून ईश्वरीचं हसू ओसरलं. तिनं मान वर करून एकदा छताकडे पाहिलं. "उठा रे," ती मुलांना म्हणाली. बाकं सरकल्याचा आवाज आला.

तेवढ्यात देवदत्तराव बशी घेऊनच मागे येऊन उभे राहिले आणि फोनमध्ये डोकावले.

"काय ईश्वरी बाळ, बरी आहेस ना? तुझी ताई उगाच घाबरवते. अगं, मी बांधलीय ती शाळा."

"काका, तुम्ही?" ईश्वरीचा चेहरा उजळला. तिनं एका हातानं नमस्कार केला. "मग काय काळजी! बसा रे, बसा सगळे खाली."

निशिगंधानं फोन सासऱ्यांच्या तोंडासमोर धरला.

"बाबा, आत्ता आम्हाला सांगितलंत ना, ते तिला सांगा."

देवदत्तरावांनी घास गिळला. उत्कर्षनं मिक्सर बंद केला. परसात एकदम शांत झालं, इतकं की तिसरीतल्या कुणाचं तरी खोकणंसुद्धा ऐकू आलं.

"बोला ना काका," स्क्रीनवरून ईश्वरी म्हणाली. "ऐकतेय मी."

"आवाज येत नाहीये वाटतं," देवदत्तराव म्हणाले.

ईश्वरीची बदली मागच्या जूनमध्ये घराजवळच्या या शाळेवर झाली, ती देवदत्तरावांनी शब्द टाकला म्हणून.