राखण

शिशुगृहाबाहेरच्या पाळण्यात आईने सोडून दिलेल्या बाळाला आल्यापासून सहा महिन्यांत साधी सर्दीही झाली नव्हती. आज अंग तापलं, तशी त्याला सांभाळणारी शेवंताबाई डॉक्टरबाईंकडे धावली.

"घाबरू नका." डॉक्टरबाईंनी दोन्ही हात वर पसरून दाखवले. "आईच्या रक्तातल्या अँटीबॉडीज अशा असतात. पोटातच बाळाला मिळतात, आलेल्या जंतूला दोन्ही हातांनी धरून ठेवतात. सहाएक महिन्यांत विरून जातात. आता हा स्वतःच्या तयार करील."

"म्हणजे आई कालपर्यंत याच्या अंगात होती?"

"तसं म्हणा."

न पाहिलेल्या त्या बाईला शेवंताबाई रोज मांडीवरच्या बाळादेखत शिव्या घालायची. ती तर तिथेच होती, मुकाट ऐकत. आजही शिवी तोंडापर्यंत आली, पण ऐकणारी निघून गेली होती.