बॅटरीतली मधली वायर

“बॅटरीचा दिवा लागलाय आणि गाडी चढावर जीव सोडते,” ठिणगी फोनवर म्हणाली. “स्कॅनर लावला, तर व्होल्टेजचा बिघाड दाखवतोय. पुढे माझं डोकं चालत नाहीये, उस्ताद.”

बायकोने फोन उस्तादांच्या उशाशी ठेवला, स्पीकर चालू केला आणि पाठीशी आणखी एक उशी सरकवून त्यांना बसतं केलं.

हायब्रीड गाड्या नवीन आल्या, तेव्हा त्यांच्या बॅटरीला हात लावायला भलेभले मेकॅनिक कचरायचे. उस्ताद मात्र रबरी हातमोजे चढवून खुशाल आत शिरायचे. मग आजारपणाने त्यांची उजवी बाजू लुळी पाडली आणि ही खोली हेच त्यांचं जग झालं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. जेवण नको, बोलणं नको. “भंगारात काढलेली गाडी आहे मी,” एवढंच म्हणायचे.

त्यानंतर ठिणगीचे फोन सुरू झाले. ठिणगी म्हणजे त्यांची शिष्या. त्यांच्या हाताखाली तयार झाली आणि पुढे तिने स्वतःचं गॅरेज काढलं. काही अडलं की ती फोन करायची आणि अडायचं वरचेवर.

“गाडी कुणाची?” उस्तादांनी विचारलं.

“एका टॅक्सीवाल्याची. दोन ठिकाणी दाखवून आलाय. दोघांनीही अख्खी बॅटरी बदला म्हणून सांगितलं. रडकुंडीला आलाय बिचारा. घर या गाडीवरच चालतं त्याचं.”

“अख्खी बॅटरी!” उस्ताद खेकसले. “डोकं दुखलं तर डोकंच बदला म्हणतील!”

बऱ्याच दिवसांनी त्यांच्या आवाजाला धार आली होती. दारात उभी असलेली बायको गालातल्या गालात हसली.

“सेलच्या प्रत्येक गटाचं व्होल्टेज वेगवेगळं बघितलंस?”

“बघितलं. सहावा गट बराच खाली गेलाय. मला वाटतं तोच मेलाय.”

“वाटतं म्हणू नकोस. सातवा काय म्हणतोय?”

“सातवा सगळ्यांपेक्षा वर आहे.”

“आणि दोघांची बेरीज?”

“बेरीज... बरोबर येतेय, उस्ताद! बाकीच्या कुठल्याही दोन गटांइतकीच.”

उस्तादांचा डावा हात पांघरुणाबाहेर आला आणि हवेतच काहीतरी जुळवू लागला. “मग सेल का मरेल? एकाचं जेवढं कमी, तेवढंच शेजाऱ्याचं जास्त. म्हणजे सेल धडधाकट आहेत, मोजमाप चुकतंय. दोघांच्या मधून व्होल्टेज मोजणारी एक बारीक वायर निघते ना, तिच्या टोकाला गंज चढला असणार. मेन प्लग काढ. हातमोजे घाल. आतला करंट उतरेपर्यंत थांब, घाई करायची नाही. मग झाकण उघड.”

“हो, उस्ताद.”

ते वाट बघत राहिले. बायकोने चहाचा कप पुढे केला. एरवी दोन घोटांत तोंड फिरवणाऱ्या उस्तादांनी तो अर्धा संपवला. तेवढ्यात ठिणगी ओरडली, “सापडली! टोक हिरवंगार झालंय नुसतं!”

“इतक्यात उघडलीससुद्धा?”

“हात बसलाय आता. तुम्हीच बसवलात.”

“आज फारच शांत आहे गं तुझं गॅरेज.”

“जेवायची सुट्टी झालीय,” ती घाईने म्हणाली. “टोक बदलते आणि कळवते.”

तिचा पुन्हा फोन आला, तेव्हा उस्ताद जागेच होते. सगळे गट एका पातळीवर आले होते. दिवा गेला होता आणि चढावर नेऊन आणलेली गाडी कुठेही अडखळली नव्हती. टॅक्सीवाल्याला त्यांच्याशी बोलायचं होतं.

“उस्ताद, कुठल्या तोंडाने आभार मानू?” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “तुम्ही नसता तर गाडी उभीच राहिली असती माझी.”

“आभार कसले? गाडी जपून चालव,” उस्ताद म्हणाले. मग त्यांनी पुढे जोडलं, “आणि या पोरीला जप. सोन्यासारखी आहे.”

पलीकडे टॅक्सीवाला क्षणभर अडखळला. “हो, उस्ताद. जपतो.”

फोन बंद झाला. उस्तादांनी स्वतःहून जेवायला मागितलं. डाव्या हाताने, सांडत का होईना, पण आपलं आपण जेवले. बायकोने पाणी दिलं आणि हळूच डोळ्यांना पदर लावला.

“बघितलंत?” ती म्हणाली. “तुमच्यावाचून त्या पोरीच्या गॅरेजचं पान हलत नाही. देव तिच्या गॅरेजला बरकत देवो.”

“गॅरेज विकून तिला वर्ष झालं गं,” उस्ताद म्हणाले. “आणि तो टॅक्सीवाला म्हणजे तिचा नवरा. आवाज बदलणं अजून जमत नाही त्याला.”

उस्तादांनी उशीवर मान टेकली आणि समाधानाने डोळे मिटले.

“फोन तेवढा चार्जिंगला लाव. उद्या माझ्यासाठी पुन्हा एखादी गाडी बिघडवायची असेल तिला.”