ज्योत्स्नाची बाजू

इशाऱ्याची घंटा वाजली आणि साकेतच्या लक्षात आलं, आपण पार माती खाल्ली. विषय होता, 'चित्रपट कलाकारांनी निवडणूक प्रचारात उतरू नये.' साकेतला या विषयाच्या विरुद्ध बोलायचं होतं. बाजूने बोलायचं काम त्याच्या जोडीदारणीचं, ज्योत्स्नाचं. आणि या शहाण्याने माईकसमोर उभं राहून तिचेच मुद्दे, तिच्याच तावात, सभागृहाला ऐकवले होते. वर टाळ्याही घेतल्या होत्या.

वादविवाद स्पर्धेचा रिवाज सगळ्यांना ठाऊक. एका कॉलेजचे दोघे, एक अनुकूल, एक प्रतिकूल. दोघे एकाच बाजूने बोलले की जोडी बाद.

बरं, दोष तरी कुणाला द्यायचा? वर्ध्याच्या त्यांच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये ज्योत्स्ना बोलायला लागली की समोरच्यांचा चहा गार होत असे. आर्वीकडच्या जंगलकाठची गोंड पोरगी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, वसतिगृहात राहणारी. मालिका असो, हिरो असो की पक्ष, तिचं मत तयार. "पिच्चरमधी आमच्यासारखे लोक आले का कमरेले पानं अन् हातात मशाल," ती म्हणायची. "माहा बाप टेरिकॉटचा बुशशर्ट घालते. त्याले कोणी दाखवत नाई." साकेत पोट धरून हसायचा आणि मग घरी जाऊन त्यावरच विचार करत बसायचा. असं वर्षभर ऐकलं की दुसऱ्याचं मत आपल्या जिभेवर बसतं. स्वतःचं भाषण त्याला पाठ होतं. पण ऐन वेळी तोंडातून निघालं ते मनाला पटलेलं.

तो खाली उतरला आणि थेट तिच्या शेजारी जाऊन बसला.

"ज्योत्स्ना, मी तुझं भाषण केलं गं."

"ऐकलं ना. चांगलं केलं," ती म्हणाली. तिची नजर मागच्या रांगेत होती. तिथे तिचे वडील बसले होते, गोमाजी.

खरी गोची तीच होती. निवडणुकीत आर्वीला एक मोठा नट सभेला आला होता. गोमाजी त्याचे जुने भक्त, अख्ख्या गावाला घेऊन सभेला गेले. ज्योत्स्नाने घरी त्यावरून तोंड सोडलं आणि बापलेकीचा अबोला झाला. दिवाळीतही तो सुटला नाही. शेवटी तिनेच निरोप धाडला, एकदा येऊन माह्यं पुरतं ऐकून घ्या. त्यासाठीच गोमाजी मजुरी बुडवून वर्ध्याला आले होते. आता ती स्वतःचं मत बोलली तर जोडी बाद. उलट बोलली, तर महिनोन्महिने जे बापाला सांगायचं होतं ते बापाच्या समोरच आपल्या हाताने खोडायचं.

त्यांना स्पर्धेला घेऊन आलेल्या मीरा मॅडमनी लांबूनच खूण करून विचारलं, नाव मागे घेऊ का? ज्योत्स्नाने नकारार्थी मान हलवली आणि ती उठली.

"ज्योत्स्ना कुमरे," तिने सांगितलं. "प्रतिकूल."

हातात चिठोरा नाही की काही नाही. "आमच्या भागात पुढारी सहसा फिरकत नाही," ती सांगू लागली. "नट आला, म्हणून तो आला. नट आला, म्हणून मैदान भरलं. आणि त्या भरल्या मैदानात एक माणूस उभा राहिला. त्याने विचारलं, आम्ही कसतो त्या जंगलपट्ट्यांचे आमचे दावे कधी मंजूर होणार? चार माणसांत विचारलं असतं तर पुढारी गाडीत बसून निघून गेला असता. एवढ्या गर्दीत त्याला उत्तर द्यावं लागलं. राहता राहिला तो नट. जन्मभर राबलेल्या माणसाने त्याला एकदा डोळे भरून पाहिलं, तर तुमच्या लोकशाहीचं काय बिघडलं?"

साकेत खुर्चीत पुढे सरकला. घरचं भांडण तिने त्याला सांगितलं होतं, म्हणून त्याला कळलं. यातला एकही मुद्दा तिचा नव्हता. सगळे गोमाजींचे होते. तिने ते कुठे वाकवले नाहीत, त्यांची थट्टा केली नाही, बापाची बाजू बापाहून चांगली मांडली. मतं काय, गल्लीबोळात सगळ्यांना असतात. आपल्याला न पटलेलं मत इतक्या मानाने मांडायचं म्हणजे खायचं काम नाही. आपली जोडीदारीण केवढी मोठी आहे, हे साकेतला त्या दिवशी कळलं.

करंडक त्यांनाच मिळाला. फाटकापाशी गोमाजी थांबले होते. ते लेकीकडे न बघता थेट साकेतपाशी आले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"पोरा, तू बोलला ते मले पटलं बाप्पा. त्या हिरोनं आर्वीत उभं राहून दुसऱ्याच गावाले रामराम केला, तरी आम्ही शिट्ट्या मारल्या. मीबी मारली. त्याले पाहाच्या नादात पुढारी काय बोलला ते ऐकलंच नाई कोणी. लय अक्कल आहे तुले. आता तेबी माह्यासारखीच बोलून राहिली, जरा आमच्या पोरीलेबी समजावून सांग."

साकेतला हसावं की रडावं कळेना. "काका, ते सगळं हिचं आहे. मी चुकून तिचं बोललो."

गोमाजी कित्येक महिन्यांनी लेकीकडे वळले.

"मंग असं घरी काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं होतं, बाबा. तुम्ही ताटावरून उठून गेलते."

गोमाजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, झटकला, पुन्हा टाकला.

"उद्या सुट्टी आहे ना तुले? चाल मंग घरी. येष्टीत सांगजो," ते म्हणाले. "तिथून मले उठून जाता येत नाई."