रेडिओची राखण

बासष्टच्या दिवाळीला भिवाजी रिहे गावी घरी आला. पुण्यात तो जवानांना रेडिओदुरुस्ती शिकवायचा. सीमेवर लढाई पेटलेली, आणि इकडं चावडीवरचा रेडिओ बंद. भिवाजीनं तुटलेली तार तापल्या सळईनं कथलाचा डाग देऊन जोडली, तसा रेडिओ बोलू लागला. गर्दीतून सगुणाकाकी पुढं आली. तिचा मुलगा रामा लढाईवर होता, शेजारच्या रंभाबाईचाही.

"मला शिकीव. तू गेल्यावर ह्यो पुन्ना बंद पडला, तर मी कुणाला इचारू?"

काकीनं निखाऱ्यात सळई तापवली आणि शिकायला बसली. बोटं पोळली, पण जोड जमेपर्यंत ती उठली नाही.

होळीला भिवाजी पुन्हा आला, तेव्हा रामा सुखरूप घरी परतला होता. काकी मात्र चावडीवर रेडिओ उघडून बसली होती. भिवाजीला पाहताच तिनं हात जोडले.

"तुझे लई उपकार बाबा. तू शिकिवलंस म्हणून ते दिस निघाले."

"पण काकी, आता रामा आला की. आता कशाला हा व्याप?"

काकीनं सळई पुन्हा निखाऱ्यात सारली. "माझा आला. रंभाबाईचा यायचाय अजून."